टोमॅटोच्या भावापासून बिटकॉइनच्या वहीपर्यंत

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे किती कॅरेट आले, कमीत कमी आणि जास्तीत जास्त भाव काय निघाला, याची नोंद होते. अशा दोन-तीन वर्षांच्या नोंदी तक्त्यात भरल्या आणि ‘आवक घटली त्या दिवसांत सरासरी भाव किती होता?’ असे विचारले, तर हाताने हिशेब करताना पुरेवाट होईल. ‘एसक्यूएल’ भाषेत हाच प्रश्न चार ओळींत मावतो. कोणते रकाने, कोणत्या तक्त्यातून, कोणत्या अटीवर, गट कसे पाडायचे, एवढेच सांगायचे. शोधायचे कसे, ते संगणक बघतो.

जुन्नर-मंचरच्या मुलांनी हे शिकावे, याला पुण्यातच कारण घडले. बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. वॉलेटमधील रक्कम कमी दिसावी म्हणून स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केल्याचा आरोप झाला. खरे-खोटे न्यायालय ठरवेल. पण बिटकॉइनची खातेवही ३ जानेवारी २००९ पासून जगासमोर उघडी आहे. पत्ता माहीत असेल, तर स्क्रीनशॉट कशाला हवा?

गुगलने २०१८ मध्ये ही वही ‘बिगक्वेरी’ सेवेत तक्त्यांच्या रूपात ठेवली. ठरावीक मर्यादेपर्यंत ती फुकट चाळता येते. नवशिके मात्र दोन ठिकाणी हमखास ठेचकाळतात. पहिली ठेच एककाची. नोंद सातोशीत असते आणि १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी. भागायचे राहिले, की आकडा भलताच फुगतो. दुसरी ठेच अवघड आहे. दुकानात ५०० ची नोट देऊन १२० ची भाजी घेतली, तर ३८० परत येतात. बिटकॉइनमध्येही तसेच होते. आधी मिळालेली रक्कम अख्खी मोडावी लागते आणि उरलेले सुट्टे बहुधा पाठवणाऱ्याच्याच नव्या पत्त्यावर परत येतात. सगळ्या रकमांची बेरीज करणारा ते सुट्टेही ‘उलाढाल’ म्हणून मोजतो. ‘एका दिवसात इतक्या कोटींचा व्यवहार’ अशी जाहिरात समोर आली, की आधी हे सुट्टे वगळलेत का, ते विचारावे.

या तक्त्यात नावाचा रकाना मात्र नाही. पत्त्यामागचा माणूस शोधायला एक्स्चेंजकडची ओळखपत्रे लागतात, आणि ती मिळवणे पोलिसांचे काम.