मोठ्या शिशूचे वर्ष: समज आणि वस्तुस्थिती

पहिलीच्या आधीचे वर्ष, म्हणजे मोठा शिशू किंवा सीनियर केजी, हे पहिलीच्या तयारीचे वर्ष आहे असे बहुतेक पालक धरून चालतात. म्हणून संध्याकाळी घरोघरी दुरेघी वही उघडते. प्रत्यक्षात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला असून पहिली आणि दुसरी त्यातच मोडतात. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानानेही समजून वाचणे आणि साधे हिशेब यांसाठी तिसरीच्या अखेरपर्यंतची मुदत ठेवली होती. पाचव्या वर्षी वाचता-लिहिता येत नसेल तर मूल मागे पडले, ही भीती निराधार आहे.

लवकर गिरवायला बसवले की अक्षर सुधारते, हा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. पाच वर्षांच्या मुलात त्यांतली काही अजून कूर्चाच असतात. शेवटचे हाड तयार व्हायला साधारण नऊ ते बारावे वर्ष उजाडते. बोटांवरचा ताबाही या वयात कच्चाच असतो. ‘इ’ किंवा ‘झ’ काढताना वळण मध्येच उलटे फिरवावे लागते. तेव्हा मूल पेन्सिल मुठीत आवळते, खांद्यापासून हात हलवते, टोक मोडते आणि रडकुंडीला येते. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. मटार सोलणे, कणकेच्या गोळ्या वळणे, बटणे लावणे, चिमटे दाबून रुमाल वाळत घालणे, या कामांनी तीच बोटे तयार होतात आणि मूल ती आनंदाने करते. काही अक्षरे किंवा आकडे आरशातल्यासारखे उलटे काढणे हेही या वयात सर्रास आढळते. तेवढ्यावरून वाचनदोषाचा निष्कर्ष काढू नये.

शंभरपर्यंत आकडे म्हणता आले की गणित आले, असेही मानले जाते. सहा चिंचोके जवळजवळ मांडून मोजायला सांगावेत आणि मग मुलासमोरच तेच लांब लांब पसरावेत. घडाघडा आकडे म्हणणारे मूलही पुष्कळदा ‘आता जास्त झाले’ असे सांगते. संख्या म्हणजे काय, हे त्याला अजून उमगायचे असते. ‘घरात पाच माणसे, वाट्या किती लागतील?’ असे विचारून पाने मांडायला लावणे हा या वयाचा खरा अभ्यास.

इंग्रजी माध्यमात घातले म्हणून घरी मराठी बंद करणे हे तर मोठेच नुकसान. या वयाचे शिक्षण शक्यतो घरच्या भाषेतून व्हावे, अशी २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याची भूमिका आहे. ‘का’, ‘म्हणून’, ‘आधी’, ‘नंतर’ यांचे नाते एका भाषेत पक्के झाले की दुसऱ्या भाषेत त्यासाठी फक्त नवे शब्द लागतात. परदेशातल्या मराठी घरांनाही हे लागू आहे: तिथली भाषा शाळेत मिळतेच, मराठी मात्र घराबाहेर फारशी कानावर पडत नाही. रोज एक गोष्ट वाचून दाखवावी, मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारावे. मुलाला तीच गोष्ट पुन्हा हवी असेल तर पुन्हा वाचावी. शब्दांच्या भेंड्यांत शेवटचा आवाज पकडायचा असतो. तो कान वाचायला शिकताना उपयोगी पडतो.

महागडी शैक्षणिक खेळणी आणि मोबाइलवरची ॲप यांवाचून अडत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने होती. बालशिक्षणाचा तो वारसा महाराष्ट्राच्या हाताशी आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, तीही कमी असेल तर उत्तम. मोठ्या शिशूच्या वयाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सकाळी सातला शाळेची बस गाठणाऱ्या मुलाचे वर्गात लक्ष लागणे कठीणच.

डबा उघडणे, चप्पल घालणे, शू लागल्याचे बाईंना सांगणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे यांना पालक अभ्यासात धरत नाहीत. पहिलीचा वर्ग सुसह्य होतो तो याच गोष्टींनी.

‘मोठे झाले की आपोआप होईल’ हा उलट टोकाचा गैरसमज. पाच वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसाला नीट कळत नसेल, मागून हाक मारल्यावर ते वळत नसेल, चित्र डोळ्यांजवळ धरत असेल किंवा येत असलेले बोलणे सोडून देत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यात चालढकल करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये अशी तपासणी मोफत होते.