उजनीचं पाणी जिथं उगम पावतं, त्या जंगलात जाताना...

मोडनिंब (प्रतिनिधी) : श्रावणात माढा तालुक्यातूनही अनेकजण भीमाशंकरला जातात. ज्योतिर्लिंगाचं दर्शन होतं, फोटो होतात, पण भोवतालच्या जंगलाकडं फारसं लक्ष जात नाही. खरं तर आपल्या भागाचं त्या जंगलाशी जवळचं नातं आहे. भीमा नदी तिथंच उगम पावते. तीच पुढं भीमानगरजवळ उजनी धरणात अडते आणि पंढरपुरात चंद्रभागा होते.

जंगल पाणी कसं धरतं?

भीमाशंकरचे डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून ते तयार झाले. आपल्याकडं विहीर खोदताना मुरमाखाली लागणारा काळा पाषाण त्याच लाव्ह्याचा. या दगडात पाणी मुरतं ते फक्त भेगांतून, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथं तो ३००० मिलिमीटरच्या घरात जातो. एवढा पाऊस उघड्या डोंगरावर पडला तर माती घेऊनच खाली येणार. झाडांची पानं, पालापाचोळा आणि मुळं त्याचा जोर मोडतात. काही पाणी भेगांत मुरतं आणि झऱ्यांवाटे हळूहळू नदीला मिळतं. जंगल विरळ झालं की माती वाहते आणि खालच्या धरणांत गाळ वाढतो.

शेकरूचं घर

इथलं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, म्हणजे तांबूस रंगाची मोठी खार, इथं राहते. ती जमिनीवर क्वचितच उतरते, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत फिरते. मधली झाडं तुटली तर तिची वाटच बंद होते. बिबट्या, सांबर, भेकरही इथं आहेत. पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची एक बुरशी रात्री हिरवट उजेड देते. गावकऱ्यांनी देवाच्या नावानं राखलेल्या देवरायांत जुनी झाडं अजून टिकून आहेत.

पर्यटकानं काय करावं?

जंगलालगतच्या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. स्थानिक वाटाड्या घेतला, गावातच जेवण-मुक्काम केला तर चार पैसे तिथं राहतात. झाडं राखण्यात फायदा आहे, हे मग कुणाला सांगावं लागत नाही.

- प्लॅस्टिकच्या बाटल्या, पिशव्या परत आणा.
- माकडांना खायला घालू नका. त्यांना सवय लागते आणि ती माणसांच्या अंगावर येतात.
- गाडीतला स्पीकर बंद ठेवा.
- वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री जंगलात शिरू नका.
- पायवाट सोडू नका, फांद्या तोडू नका.

भीमाशंकर मोडनिंबपासून जवळपास ३०० किलोमीटर लांब आहे. पण तिथं टाकलेली पिशवी ओढ्यात गेली, की तिची वाट खाली आपल्याच नदीकडं येते.