स्टेल्थ लढाऊ विमान : खरेदीचा आकडा आणि खरा खर्च

१४ जून २०२५ रोजी ब्रिटनचे एफ-३५बी हे लढाऊ विमान तिरुवनंतपुरम विमानतळावर उतरले आणि बिघाडामुळे तिथेच अडकले. दुरुस्तीसाठी ब्रिटनहून तंत्रज्ञांचे पथक आले. २२ जुलैला ते परत उडाले. पाच आठवडे समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला. पण असे विमान विकत घेतल्यावर ते सांभाळायला किती पैसा लागतो, हा प्रश्न त्या विनोदांत हरवला.

हा प्रश्न आपलाही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी भारताला एफ-३५ देण्याची भाषा केली. औपचारिक चर्चा झालेली नाही, असे आपल्या सरकारने नंतर संसदेत सांगितले. दुसरीकडे, स्वदेशी स्टेल्थ विमान ‘ॲम्का’च्या विकासासाठी २०२४ मध्ये सुमारे १५ हजार कोटी रुपये मंजूर झाले आहेत.

किंमत किती?

२०२२ च्या करारात एफ-३५ए या प्रकारच्या एका विमानाची किंमत सरासरी सव्वाआठ कोटी डॉलरच्या आसपास होती. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर सुमारे ७०० कोटी रुपये. शस्त्रे, प्रशिक्षण, सुटे भाग आणि तळावरच्या सोयी यांचा खर्च वेगळा.

अमेरिकेच्या हिशेब तपासणी संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार, तिथल्या हवाई दलाला एका विमानाच्या देखभालीसाठी वर्षाला सुमारे ६६ लाख डॉलर, म्हणजे ५६ कोटी रुपये लागतील. तीस वर्षांचे होतात १,६८० कोटी. म्हणजे खरेदीच्या दुपटीहून जास्त!

संपूर्ण ताफ्याच्या देखभालीचा अंदाज २०१८ मध्ये १.१ लाख कोटी डॉलर होता. २०२३ मध्ये तो १.५८ लाख कोटींवर गेला. याच काळात विमाने पूर्वी ठरवल्यापेक्षा कमी तास उडवायचे ठरले. मार्च २०२३ मध्ये तर कामगिरीसाठी सज्ज विमानांचे प्रमाण जेमतेम ५५ टक्के होते.

एवढा खर्च का?

रडारला चकवण्यासाठी विमानाचा आकार आणि त्यावरचा खास लेप दोन्ही निर्दोष असावे लागतात. दुरुस्तीसाठी एखादे झाकण उघडले, तरी लेप पुन्हा नीट करावा लागतो. त्यात वेळ जातो, कुशल माणसे लागतात. दुसरे कारण मालकीचे. तांत्रिक माहितीचा मोठा भाग लॉकहीड मार्टिन आणि इतर कंपन्यांच्या हातात आहे. त्यामुळे खुद्द अमेरिकी सैन्यालाही अनेक दुरुस्त्यांसाठी कंपन्यांवर अवलंबून राहावे लागते. मग परदेशी ग्राहकाची काय कथा?

इतर देशांचा अनुभव

कॅनडाने ८८ विमानांसाठी १९ अब्ज कॅनेडियन डॉलरचा अंदाज सांगितला होता. २०२५ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी तो २७.७ अब्जांवर गेल्याचे दाखवून दिले. स्वित्झर्लंडमध्ये २०२० साली सहा अब्ज फ्रँकच्या लढाऊ विमान खरेदीवर जनमत घेतले गेले आणि ५०.१ टक्के मतांनी ती मंजूर झाली. पुढे ३६ एफ-३५ घेण्याचे ठरले. किंमत पक्की आहे, असे सरकार सांगत राहिले. २०२५ मध्ये अमेरिकेने जादा पैसे मागितले.

आपण काय विचारावे?

देशाला संरक्षण हवेच. पण खर्चाचा हिशेब विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, देशाच्या ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. या खर्चाचा संबंध त्यांनी थेट परराष्ट्र धोरणाशी जोडला होता.

पुढच्या वेळी ‘इतक्या कोटींचा विमान करार’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. तीस वर्षांचा एकूण खर्च किती? दुरुस्तीचा अधिकार कोणाकडे? आणि दर वर्षीचा हा पैसा अर्थसंकल्पात कुठून येणार? वसतिगृहे आणि शिष्यवृत्तीच्या तरतुदीही त्याच अर्थसंकल्पात असतात. म्हणून हे प्रश्न आपणच विचारले पाहिजेत.