पडलीस तरी लागणार नाही, आई!

‘‘आई, तू येणार असशील तरच मी जाते. नाहीतर राहू दे.’’

लेक असं म्हणाली आणि मी हातातलं लाटणं तसंच पोळपाटावर ठेवलं. बाहेर उणे ८ अंश तापमान. खिडकीतून बघावं तिकडे पांढरंच पांढरं. आणि ही बाई मला म्हणते, चल, सायकल चालवायला! तीही बर्फात! वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी!

मी बार्शीची. उन्हाळ्यात पारा ४२ वर गेला तरी ‘यंदा जरा जास्तच आहे’ एवढंच म्हणणारी. लेकीच्या बाळंतपणासाठी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसला गेले तेव्हा डिंक, आळीव, खारीक-खोबरं सगळं बांधून नेलं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. शेक-शेगडी नाही, पण हीटर होता. माझ्या पद्धतीनं सगळं यथासांग चाललं होतं.

मग थंडी वाढली. डिसेंबरमध्ये तिकडे दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. दिवस कधी उगवला आणि कधी संपला, कळत नाही. दारासमोरच्या पायऱ्यांवर मी एकदा घसरून चांगली आपटले. हाड मोडलं नाही, पण मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं. त्यानंतर मी उंबरठा ओलांडला नाही. आणि लेकीलाही ओलांडू दिला नाही. ‘वारं लागेल, अंग दुखेल, दूध आटेल’ हे सगळं ऐकवलं.

ती ऐकत गेली. गप्प होत गेली. एकदा रात्री पाणी प्यायला उठले, तर ही अंधारात सोफ्यावर बसून रडत होती. मी काय म्हणावं? ‘‘अगं, बाळ गुटगुटीत आहे, नवरा चांगला आहे, मी आहे. मग रडायचं कशाला?’’ आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट विचारलं. झोप कशी आहे, मन कसं आहे, घरातून बाहेर पडतेस का? बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं साहजिक असतं, पण दोन आठवड्यांपुढेही उदासपणा राहिला तर अंगावर काढू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी लेकीला बोलायला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तपासून झाल्यावर व्यायामालाही परवानगी दिली. ‘‘पूर्वी काय करायचीस?’’ असं त्यांनी विचारलं, तर ही म्हणाली, ‘‘फॅट बाइक.’’

हे काय नवीन? जावयांनी गॅरेजमधून सायकल काढून दाखवली. बघून मला हसूच आलं. सायकल आपल्यासारखीच, पण चाकं जणू मोटारसायकलची! आपल्या जुन्या काळ्या सायकलींचे टायर दीड इंच रुंद असायचे. याचे चार-साडेचार इंच. आणि हवा किती कमी! मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पौंड हवा असते. यात बर्फावर चालवताना ५ ते ८! अंगठ्यानं दाबलं तर टायर आत जातो. आपल्याकडे असा टायर घेऊन गेलं तर पंक्चरवाला आधी पाण्याची घमेली पुढे ओढेल.

पण त्यातच गंमत आहे. उंटाचा पाय कसा पसरट असतो, म्हणून तो वाळूत रुतत नाही. तसाच हा मऊ टायर जमिनीवर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक बर्फात खचत नाही.

हा प्रकार निघाला अलास्कात. तिथे १९८७ मध्ये बर्फातल्या वाटांवरून सायकलींची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. साधी चाकं रुतायची आणि सायकल खांद्यावर घेऊन चालायची पाळी यायची. मग तिथल्या खटपटी लोकांनी दोन-दोन रिमा एकमेकींना जोडून रुंद चाकं बनवली. वाळवंटातून चालवण्यासाठी न्यू मेक्सिकोतही असेच प्रयोग चालले होते. पुढे २००५ मध्ये मिनेसोटातल्याच सर्ली या कंपनीनं ‘पग्सली’ नावाची सायकल बाजारात आणली आणि दुकानात जाऊन कुणालाही फॅट बाइक घेता येऊ लागली. बायकाही यात मागे नाहीत बरं का! २०१३ मध्ये मारिया लेयरस्टॅम ही ब्रिटिश बाई रुंद टायरांची तीनचाकी सायकल चालवत थेट दक्षिण ध्रुवावर पोचली. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं तर २०१८ मध्ये १५९ दिवसांत सायकलवरून जगप्रदक्षिणा केली.

हे सगळं लेकीनं मला सांगितलं ते मला पटवायला. माझं आपलं एकच पालुपद, ‘‘मी पडले तर?’’

‘‘पडलीस तरी लागणार नाही, आई! पायऱ्यांवर होता तो काचेसारखा गोठलेला बर्फ. जंगलातला मऊ असतो.’’

मला सायकल येत नव्हती असं नाही. पाचवीत असताना वडिलांच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकले होते. शाळा-कॉलेज सायकलवर झालं. लग्न झालं आणि सायकल माहेरी राहिली. कुणी नको म्हटलं नाही, पण चालव असंही कुणी म्हटलं नाही. चौतीस वर्षं झाली त्याला.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी बाळाला पाजून, जावयांच्या हवाली करून आम्ही दोघी निघालो. कपड्यांवरूनही वाद झाला. मी सवयीनं आत सुती बनियन घातलं होतं. लेकीनं काढायला लावलं. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि ओला कपडा थंडीत अंग गारठवतो. अंगालगत पातळ लोकरीचा थर, त्यावर उबदार जाकीट, वर वारा अडवणारा कोट असे तीन थर. डोक्याला कानटोपी, त्यावर हेल्मेट. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली, तीही लेकीची!

थिओडोर वर्थ पार्क हे मिनियापोलिसमधलं सगळ्यात मोठं उद्यान. उद्यान म्हणजे बाग नव्हे, चांगलं जंगलच आहे. हिवाळ्यात तिथे स्कीइंग करणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या आणि सायकलींच्या वेगळ्या. पेरणीआधी आपण शेतावर फळी फिरवतो ना, तशा या वाटा यंत्रानं दाबून सपाट केलेल्या असतात. स्कीच्या वाटेवर सायकल घालायची नाही. आणि चाकाची खोल चाकोरी उमटायला लागली, म्हणजे बर्फ फार मऊ झाला, की त्या दिवशी मुकाट्यानं घरी जायचं, नाहीतर वाट सगळ्यांसाठीच खराब होते. ही शिस्त मला फार आवडली. हल्ली हिवाळ्याचाही भरवसा राहिलेला नाही म्हणे. २०२४ च्या फेब्रुवारीत याच पार्कात स्कीइंगची विश्वचषक शर्यत झाली, तिच्यासाठी यंत्रानं बर्फ तयार करून ठेवावा लागला होता.

माझ्यासाठी एक सायकल भाड्यानं घेतली. हँडलला दोन्ही बाजूंना जाड कापडाचे मोठे खिसे होते, बैलाला मुसकी बांधावी तसे. त्यात हात घालूनच ब्रेक धरायचा. सीट खाली घेतली. पाय टेकतात म्हटल्यावर जरा धीर आला.

‘‘बसूनच पायडल मार. हलका गिअर ठेव. हँडल घट्ट आवळू नकोस. आणि एकदम ब्रेक दाबू नकोस,’’ लेक सांगत होती. कधीकाळी मी तिला असंच शिकवलं होतं, सीट मागून धरून.

पहिला पायडल मारला आणि टायरखालचा बर्फ करकर वाजला. चाक जरा डावीकडे, जरा उजवीकडे डुलत होतं. आधी मी घाबरून हँडल ओढत होते. मग लक्षात आलं, तिला थोडं डुलू दिलं की ती आपोआप सरळ होते. वेग म्हणाल तर चालणाऱ्या माणसाच्या जरा पुढे. पण काय सांगू! नुसती झाडं, पांढरी वाट, समोर लेकीची लाल टोपी, आणि थंडीत चक्क घाम! शंभर पावलांत धाप लागायची. थांबायचं, लेकीनं कोटाच्या आत ठेवलेलं कोमट पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं.

एका उतारावर वळण आलं. मी सवयीनं डावा ब्रेक दाबला. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा डावा ब्रेक मागच्या चाकाचा असतो. तिकडे उलट, डावा पुढचा! लेकीनं सांगितलं होतं, पण ऐन वेळी कुणाच्या लक्षात राहतं? पुढचं चाक सरकलं आणि मी कडेच्या बर्फात आडवी. कापसाच्या ढिगात पडल्यासारखं वाटलं. नाकातोंडात बर्फ, चष्मा कुठल्या कुठे.

लेक सायकल टाकून धावत आली. मला चाचपून बघितलं. मी म्हटलं, ‘‘खरंच गं, लागलं नाही.’’ आणि ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिचं असं हसणं मी किती महिन्यांनी ऐकत होते! मग मीही तशीच पडल्या पडल्या हसत राहिले.

उठल्यावर कपडे झटकताना ती एवढंच म्हणाली, ‘‘आई, मला घरात कोंडल्यासारखं होत होतं. तुला सांगवत नव्हतं.’’

मी काही बोलले नाही. तिच्या कोटावरचा बर्फ झटकत राहिले.

जेमतेम पाऊण तास चालवली असेल. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की जिना उतरवेना. सकाळी बार्शीला फोन लावला, तिकडे संध्याकाळ होती. ह्यांना सांगितलं, तर आधी विश्वासच बसेना. त्यानंतर दर शनिवारी लेक जायची. मी दोनदाच गेले, बाकी वेळा नातीला सांभाळलं. एका फेरीनं लेकीचं मन बरं झालं असं नाही. तिचे उपचार पुढेही चालू राहिले. पण हवा लागली, मोकळीक मिळाली, आणि मुख्य म्हणजे आईला सांगता आलं.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या मैत्रिणींना दोन शब्द सांगते. बर्फात असं काही करायचं मनात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या वयात हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. बाळंतिणीनं तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सायकलवर बसूच नये. प्रवासाच्या विम्यात अशा खेळातली दुखापत धरली आहे का, ते वाचून घ्या. सायकल आधी भाड्यानं घ्या, टायरमधली हवा दुकानदाराकडून कमी करून घ्या, आणि दोन्ही ब्रेक कुठले कुठले ते सपाटीवर तपासा. एकटं जाऊ नका. बोटं किंवा नाक बधिर झालं तर तशीच पुढे न जाता लगेच उबेला या.

आता मी परत आलेय. बार्शीत बर्फ कुठला? पण परवा पुतणी बाळंतपणाला माहेरी आली आहे म्हणून भेटायला गेले. सव्वा महिना होऊन गेला होता. कोपऱ्यात कान बांधून बसलेली. बाळाचं कौतुक झालं, डिंकाचे लाडू झाले. मग मी तिला हळूच विचारलं, ‘‘तू कशी आहेस गं?’’ ती नुसती बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

जाऊबाईंना म्हटलं, ‘‘उद्यापासून संध्याकाळी तासभर बाळाला मी बघते. हिला जरा पाय मोकळे करून येऊ द्या.’’

रोज चालतच जाते मी तिच्याकडे. तशी सायकलच्या दुकानात चौकशीही करून ठेवली आहे!