व्हॅक्यूम क्लीनर: वॅट विचारण्याआधी कचरा कसला ते पाहा

दिवाळीच्या साफसफाईआधी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेलेल्या गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा? जास्त वॅट म्हणजे जास्त ओढ, हा समज घट्ट बसला आहे. वॅटवरून कळतं ते एवढंच, की मोटर वीज किती खाते. कचरा किती उचलला जाईल हे हवेचा प्रवाह, ओढीचा दाब आणि तोंडाचा आकार यांवर ठरतं. युरोपीय संघाने घरगुती यंत्रांवर २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. तिथले गालिचे त्यानंतरही साफ होत आहेत. रोबो आणि कॉर्डलेस यंत्रांच्या जाहिरातीत पास्कलचे मोठे आकडे असतात, पण तो दाब बहुधा हवेची वाट बंद ठेवून मोजलेला असतो.

'व्हॅक्यूम आहे म्हणजे पाणीही ओढेल' हा समज मात्र धोक्याचा आहे. साध्या, कोरड्या यंत्रात ओढलेली हवा मोटरवरूनच बाहेर जाते. तिच्याबरोबर पाणी गेलं तर मोटर जळते, शॉकही बसू शकतो. गॅलरीत साचलेलं पाणी किंवा सोफ्यावर सांडलेला चहा यासाठी 'वेट अँड ड्राय' यंत्रच हवं. त्यातही पाणी ओढण्याआधी कागदी पिशवी काढावी, पुस्तिकेत सांगितलेला फोमचा फिल्टर लावावा आणि काम झाल्यावर टाकी धुऊन वाळवावी. हे माणसं विसरतात आणि कुबट वासाचा दोष यंत्राला देतात.

फरशी बदलल्यावर किंवा भिंतीला भोकं पाडल्यावर उडणारी पांढरी पूड घरच्या क्लीनरने ओढू नका. ती फिल्टर बुजवते, त्यातून निसटलेली मागून पुन्हा खोलीभर पसरते आणि तिच्यातली सिलिका फुप्फुसांना घातक असते. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल तर त्याचा उपयोग नाही. उदबत्तीची राखही पूर्ण विझल्याशिवाय ओढू नये.

गादीवरून क्लीनर फिरवला की धुळीतले किडे संपतात, असंही सांगितलं जातं. हे किडे जेमतेम पाव मिलिमीटरचे आणि धाग्यांना चिकटून राहणारे. ओढीने वरची धूळ आणि ॲलर्जी करणारी त्यांची विष्ठा कमी होते, आत दडलेले किडे जगतात. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तर ते जोमाने वाढतात. त्यांच्यासाठी चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुणं आणि गादीला घट्ट विणीचं कव्हर घालणं हाच उपाय.

रोबो पलंगाखालची रोजची धूळ चांगली उचलतो. उंच उंबरठा, जिना, सोफा ही त्याची कामं नव्हेत. कॉर्डलेस पंख्यासाठी आणि गाडीसाठी सोयीचा, मात्र पूर्ण ओढीवर त्याची बॅटरी काही मिनिटांतच उतरते. फिरता ब्रश गालिच्यासाठी आणि पाळीव प्राण्यांच्या केसांसाठी. खिडकीच्या खाचेला अरुंद, चपटं तोंडच हवं.

दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यात त्रासदायक जागा कागदावर लिहा. मग विक्रेत्याला विचारा: यांना लागणारी तोंडं सोबत मिळतात का, आणि पिशव्या व फिल्टर पाच वर्षांनी मिळतील का? उत्तर पटलं नाही तर दुसरं दुकान पाहा.