चाखण्यापुरता ग्लास

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्ता सांगायचा तर आकड्यात सांगतात. रोड नंबर 16, रोड नंबर 22, रोड नंबर 28. एमआयडीसीची स्थापना 1962 साली झाली ती इथेच, आणि महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहतही हीच. भोंगा झाला की माणसं आत, पुन्हा भोंगा झाला की बाहेर. सुटलेल्या पाळीतले बरेचसे बसची रांग धरत, काही नाक्यावरच्या परमिट रूमकडे वळत. काळ्या काचा, मिणमिणता दिवा, बशीत खारे शेंगदाणे आणि मीठ-तिखट लावलेली काकडी. ऑर्डर ठरलेली: 'एक स्ट्राँग, एकदम चिल्ड.' तिची चव कशी लागली हे विचारण्याची रीत नव्हती, आणि बायकोला तिथे घेऊन जाण्याची तर नव्हतीच.

आज त्याच रस्त्यांवर गाळ्यांच्या शेजारी आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी तिथून सुटणारी पोरं-पोरी 'टॅपवर नवीन काय आलंय' असं विचारतात. सावरकर नगरातल्या किंवा किसन नगरच्या पलीकडच्या एखाद्या टू बीएचकेमध्ये रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर चार वेगवेगळे कॅन फोडलेले दिसतात. भाचा ओततो, मामा पहिल्या घोटालाच 'ही आंबलीय का रे?' म्हणतो, आणि डोंबिवलीहून आलेली मावशी आपल्या सोलकढीच्या पेल्यावरून दोघांकडे बघत राहते. मग तीच ग्लास उचलून नुसता वास घेते आणि म्हणते, 'केळ्याचा वास येतोय.'

मावशीचं नाक बरोबर सांगतं. गव्हाच्या बिअरला, म्हणजे जर्मन हेफेवायझेनला, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळंही नसतं आणि लवंगही. तो वास यीस्ट तयार करतं. ही बिअर गाळलेली नसते, म्हणून गढूळ दिसते. मामाला ती बिघडल्यासारखी वाटते ती त्यामुळेच.

बिअर म्हणजे काय, हे मराठी घराला समजावणं खरं तर सोपं आहे. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. जवाचं हेच केलं की त्याला माल्ट म्हणतात. मोड आल्यावर दाण्यात स्टार्चची साखर करणारी द्रव्यं जागी होतात. भरडलेलं माल्ट साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की गोड पाणी सुटतं. ते उकळताना त्यात हॉप्स या वेलीची फुलं पडतात. कडूपणा आणि निम्मा सुगंध या फुलांचा. मग पाणी थंड करून यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व वायू देतं. माल्ट किती भाजलं, यावर रंग ठरतो. थालीपिठाची भाजणी जरा जास्त खरपूस झाली की पीठ काळपट होतं, तसं कॉफीसारखं भाजलेलं माल्ट काळी स्टाउट देतं.

हे सगळं बाटलीबंद बिअरच्या मोठ्या कारखान्यांतही होतंच. फरक आकारमानाचा आणि घाईचा आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज-शेंद्र्याला मोठमोठ्या ब्रुअरी आहेत. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करायला लावली होती, तेव्हा हा उद्योग किती मोठा आहे आणि किती पाणी पितो हे राज्याला कळलं. मोठ्या ब्रुअरीला बारा महिने, गावोगाव, एकाच चवीची बाटली द्यायची असते. छोट्या ब्रुअरीची टाकी मात्र काही दिवसांत रिकामी होते, त्यामुळे पुढची टाकी वेगळी करून पाहण्याची चैन तिला परवडते. हंगामी बिअर याच चैनीतून येते.

महाराष्ट्रात या चैनीची सुरुवात पुण्यात झाली. 2009 मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरच्या मदतीने कोरिंथियन्स क्लबमध्ये 'डूलाली' सुरू केली. हे नाव इंग्रजी वाटतं, पण ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत ब्रिटिश सोजीर महिनोन्महिने पडून असत, आणि उकाड्याने, कंटाळ्याने, तापाने त्यांची डोकी फिरत. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला तापच. बिअरच्या नळालाही टॅपच म्हणतात, हा योग ठाण्या-पुण्याच्या पोरांना फार आवडतो.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यालाही या गोष्टीत जागा आहे, आणि ती अगदी डोंबिवलीकराला शोभेल अशी. 2014 च्या सुमारास 'गेटवे ब्रूइंग कंपनी'ने आपली ब्रुअरी डोंबिवलीत थाटली. नवीन मित्तल, राहुल मेहरा आणि कृष्णा नाईक हे तिचे संस्थापक. बिअर डोंबिवलीत तयार व्हायची आणि पिंपांत भरून मुंबईच्या हॉटेलांत जायची. सकाळची फास्ट पकडून मुंबईला कामाला जायचं, हा इथला शिरस्ता बिअरनेही पाळला. 'व्हाइट झेन' ही त्यांची गव्हाची बिअर वांद्र्या-परळच्या टेबलांवर परदेशी थाटात मिरवायची. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि डोंबिवली एमआयडीसीचं पाणी येतं बदलापूरच्या बारवी धरणातून. हे किती पिणाऱ्यांना ठाऊक होतं कोण जाणे.

हंगामाची गोष्ट जुनी आहे. फ्रिज यायच्या आधी उन्हाळ्यात बिअर नासायची. म्हणून बव्हेरियात 1553 च्या हुकुमाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवायलाच बंदी घातली. लोक मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरांत ठेवत, आणि उरलेली ऑक्टोबरच्या आत संपवत. मेर्झेन, म्हणजे 'मार्चची', हे नाव त्यातूनच आलं. ज्या इंडिया पेल एलचा, म्हणजे आयपीएचा, आज एवढा गाजावाजा आहे, तिचं मूळही लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीतून जहाजाने इकडे येणाऱ्या 'ऑक्टोबर बिअर'कडे जातं. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला पोचेपर्यंत टिकावी म्हणून त्यात हॉप्स सढळ हाताने असत.

आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? पालघर-वसईकडची ताडी सकाळी गोड, दुपारी आंबट. मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हाच ती फुलं वेचायची. पेयाला वेळ आणि ऋतू असतो, हे ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यांवर कोणाला शिकवावं लागत नाही. विसरले ते शहरातले, बारमाही बाटलीमुळे.

आता ब्रुअर पुन्हा बाजारातल्या फळांकडे बघू लागले आहेत. इथे मात्र थोडं स्पष्ट बोलायला हवं. मे महिन्यात जो तो हापूसची बिअर काढतो, आणि बहुतेक वेळा ती निराश करते. यात ब्रुअरचा दोष कमी, यीस्टचा जास्त. आंब्याचं आंबेपण निम्मं तरी साखरेत असतं, आणि यीस्ट नेमकी तीच खातं. उरतो थोडा आंबटपणा आणि कोयीजवळचा तो राळेसारखा वास. आमरसाची आठवण घेऊन घोट घेणारा हिरमुसतो. काही ब्रुअर म्हणूनच पहिलं आंबणं संपल्यावर, टाकी थंड करून गर घालतात, तेव्हा जरा जमतं.

कोकमाचं तसं नाही. त्याची सगळी मातब्बरी आंबटपणात, आणि यीस्टला त्यात रस नाही. पुण्याच्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'च्या नकुल भोसले यांनी मीठ घातलेली कोकम बिअर काढली. ब्रुअरीच्या नावातला 'ग्रेट स्टेट' म्हणजे सरळसरळ महा-राष्ट्र. ही बिअर जर्मनीतल्या गोझ या जुन्या प्रकाराच्या घराण्यातली. गोझमध्ये मुळातच मीठ आणि धणे असतात. मीठ, धणे, आंबट: कोकणातल्या कुठल्याही घरात हे सरबताचं साहित्य म्हणून खपेल. सोलकढी पिणाऱ्या मावशीला पहिला घोट द्यायचाच, तर तो हिचा द्यावा.

पुण्यातच 2018 मध्ये रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी 'मूनशाइन मीडरी' काढली. मीड म्हणजे मध आंबवून केलेलं पेय. ती बिअर नव्हे. पण त्यांचा पेरू-मिरचीचा प्रयोग चाखणाऱ्याला शाळेच्या फाटकाबाहेरची, तिखट-मीठ लावलेली पेरूची फोड आठवते.

घरी चाखायचं तर फार सामान लागत नाही. स्टीलचे पेले मात्र नकोत. काचेचे छोटे ग्लास, चहाचे कटिंगवाले असले तरी चालतात. एकेकाला साठ-सत्तर मिलिलिटर पुरे. म्हणजे एका कॅनमध्ये सात-आठ जणांचं भागतं, आणि चार प्रकार चाखूनही कोणी एक बाटलीभरसुद्धा पीत नाही. क्रम हलक्याकडून जडाकडे: आधी गव्हाची, मग कोकमासारखी आंबट, मग कडू आयपीए, शेवटी काळी स्टाउट. उलटा क्रम केला तर स्टाउटनंतर गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. बर्फगार बिअरला वास नसतो. फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबावं, आधी नाक, मग घोट. मध्ये पाणी प्यावं.

सोबत काय, हा प्रश्न आपल्याकडे भांडणापर्यंत जातो. चकली-फरसाण तोंड भरून टाकतं. कोथिंबीर वडी गव्हाच्या बिअरबरोबर चांगली जाते. कडू आयपीएचं मिरचीशी पटत नाही, तिखट आणखी पेटतं. तिला बोंबील फ्राय द्यावा, त्याचं तेल ती धुऊन नेते. स्टाउटबरोबर खरवस कोणी खाऊन पाहिला नसेल, तर पाहावा.

चाखण्याचा हा प्रकार घरात आला तो अशा छोट्या मापामुळे. परमिट रूममध्ये क्वार्टर आणि बाटली हीच मापं होती, त्यामुळे बसायचं ते संपवायलाच. साठ मिलिलिटरच्या ग्लासावर चर्चा होते, आणि नापसंत पडली तर शेजारच्याकडे सरकवता येते. न पिणाऱ्याला वास घेऊन मत देता येतं, आणि अनेकदा त्याचंच मत खरं निघतं.

नियमांचं दोन ओळींत. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं, कडक दारूसाठी 25, आणि पिण्याचा परवाना कायद्याने आजही लागतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, मग प्यायलात ती हापूसची बिअर असो की साधी.

तेव्हा पुढच्या रविवारी कॅन आणाल ते वाइन शॉपच्या उघड्या रॅकवरून नको, फ्रिजमधून उचला, आणि तळाशी छापलेली तारीख बघून घ्या. छोट्या ब्रुअरीची ही क्राफ्ट बिअर जुनी झाली की फिकी पडते. तीन महिने उलटून गेले असतील तर कॅन तिथेच ठेवा. आणि चाखून झाल्यावर घरी जाणाऱ्यांनी रिक्षा करावी; तीन हात नाक्यावर नाकाबंदी असतेच.