उष्ण कटिबंधाची उद्याने (लेखांक ७) : राणीच्या बागेतील वृक्ष

गेल्या लेखांकात शीत देशांतील वनस्पती-उद्यानांचा विचार करताना, परमुलखातून आणलेली झाडे जगविण्यासाठी तेथे केवढी काचगृहे उभारावी लागली व ती अहोरात्र उबदार राखण्यासाठी किती इंधन खर्ची पडले, हे आपण पाहिले. ज्या प्रदेशातील वृक्षांकरिता हा सारा खटाटोप चाले, त्याच प्रदेशाच्या पट्ट्यात, उत्तर अक्षांश १९ च्या आसपास, मुंबई बेट वसलेले असल्यामुळे मादागास्करचा, ब्रह्मदेशाचा अथवा गियानाचा वृक्ष येथे उघड्या आकाशाखाली, चार महिन्यांचा पाऊस अंगावर घेत, निर्वेधपणे वाढतो. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, जे अद्यापि लोकांच्या तोंडी राणीची बाग म्हणूनच आहे, ते पाहावयास जाणाऱ्याने पिंजऱ्यांकडे वळण्यापूर्वी या वृक्षांपाशी थांबावे, असा माझा आग्रह आहे.

या आग्रहास इतिहासाचाही आधार आहे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी नामक संस्थेची बाग प्रथम शिवडीस होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीच्या उपयोगात आली. भायखळ्याची नवी बाग गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते १८६२ साली खुली झाली आणि १८७३ मध्ये तिचा कारभार नगरपालिकेच्या ताब्यात आला. उपयुक्त व शोभिवंत वनस्पती देशोदेशींहून मागवून त्या या इलाख्याच्या हवामानात रुजतात की नाही याची परीक्षा करणे हा अशा संस्थांचा उद्देश असल्यामुळे बागेच्या आखणीत झाडांचा मान पहिला होता. पशुपक्ष्यांची भरती मागाहून झाली.

येथील वृक्षांत माझ्या मते अग्रपूजेचा मान उर्वशीचा. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक वॉलिच हे १८२७ च्या सुमारास ब्रह्मदेशात हिंडत असता साल्विन नदीच्या काठी एका मोडकळीस आलेल्या विहाराच्या बागेत त्यांना हा वृक्ष दिसला. जवळच्या गुहांतील बुद्धमूर्तींपुढे त्याचीच फुले वाहिलेली होती. ती वार्ता विलायतेस पोहोचताच धनिकांना या वृक्षाचा असा ध्यास लागला, की डेव्हनशरच्या ड्यूकने आपला एक माळी खास या कामगिरीवर कलकत्त्यास रवाना केला. तथापि यूरोपात उर्वशी प्रथम फुलली ती १८४९ मध्ये, लंडनजवळील ईलिंगच्या लॉरेन्सबाईंच्या काचगृहात. तांबड्या फुलांचे, टोकाशी पिवळा ठिपका ल्यालेले तिचे लांबच लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. बी क्वचितच धरत असल्यामुळे तिची वाढ बहुधा कलमे बांधूनच करावी लागते. घोसांइतकीच तिची कोवळी पालवीही पाहण्याजोगी असते. ती ताम्रवर्णी, मऊ आणि मरगळल्यासारखी खाली झुकलेली असते. पाने पुरती वाढल्यावर मग ती ताठ व हिरवी होतात. आपल्या सीतेच्या अशोकाचीही पालवी अशीच. कीटकांची सर्वांत मोठी धाड कोवळ्या पानांवर पडते. तेव्हा पान निबर होईपर्यंत त्यात हरितद्रव्याचे धन साठवू नये, म्हणजे नुकसान झाले तरी ते थोडके होते, असा या रीतीचा एक अर्थ शास्त्रज्ञ लावतात.

दुसरा वृक्ष कैलासपती. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील अरण्यांत जन्मलेल्या या झाडाची फुले शेंड्यावर न येता बुंध्यातूनच फुटलेल्या काटक्यांवर येतात. फणस आणि उंबर नित्य पाहणाऱ्या आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये. घनदाट अरण्यात पानांच्या छताखाली वावरणाऱ्या कीटकांना व प्राण्यांना असे फूल वा फळ सहज गाठता येते, आणि जड फळाचा भार खोड विनासायास पेलते. कैलासपतीच्या फुलात पाकळ्यांच्या मध्यभागी पुंकेसरांचे एक कडे असते आणि एका बाजूने नागाच्या फण्यासारखी पुंकेसरांचीच एक छत्री त्यावर ओणवलेली असते. कड्यातील पराग बीजधारणेच्या कामाचे, तर फण्यातील पराग वांझ, केवळ भुंग्यांच्या भोजनासाठी राखलेले. भुंगा फण्यातील अन्न गोळा करण्यासाठी आत शिरतो, तेव्हा त्याच्या पाठीला कड्यातील सकस पराग आपोआप माखतात व पुढच्या फुलात जाऊन पोहोचतात. पाहुण्याच्या भोजनाची तजवीज निराळी आणि वंशवृद्धीचा ऐवज निराळा, अशी ही व्यवस्था जितकी पाहावी तितके मन विस्मित होते. मुलांना मात्र या झाडाखाली फार वेळ उभे करू नये, कारण त्याची तोफगोळ्याएवढी फळे चांगलीच वजनदार असतात.

मादागास्करचा कॉलव्हिलिया हा गुलमोहराचा देशबांधव. दोघांनाही वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी दाखल करण्याचे श्रेय बोजर या संशोधकाकडे जाते. गुलमोहर रस्तोरस्ती झाला, हा मात्र दुर्मीळच राहिला.

आता प्राण्यांकडे. २०१६ साली दक्षिण कोरियातील सेऊलहून येथे हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले आणि तेव्हापासून बागेतील सर्वांत मोठी रांग त्यांच्या दाराशी लागते. त्यांच्या दालनात यंत्रांच्या साहाय्याने सोळा ते अठरा अंशांचा गारवा राखावा लागतो. वास्तविक हा पक्षी ध्रुवप्रदेशाचा नव्हे. तो पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यावर राहतो, आणि पेरूचा किनारा तर मुंबईप्रमाणेच उष्ण कटिबंधात मोडतो. परंतु दक्षिणेकडून वाहत येणाऱ्या शीत सागरी प्रवाहामुळे तेथील जळ व वारा थंड राहतात. कॉलव्हिलिया ज्या कटिबंधातून येऊन येथे उघड्यावर फुलतो, त्याच कटिबंधातील पेंग्विनाला येथे बंद दालनात ठेवणे भाग पडते. हे दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्याने केवळ अक्षांशावरून हवामान ठरत नाही हा भूगोलाचा धडा मुलांना जसा उमजेल, तसा तो पुस्तकातून क्वचितच उमजतो.

या शतकाच्या पहिल्या दशकात बागेत भव्य प्राणिसंग्रहालय उभारण्याचा एक आराखडा पुढे आला, तेव्हा जुन्या वृक्षांवर संक्रांत येण्याची भीती उत्पन्न झाली होती. काही जागरूक नागरिकांनी झाडांची बाजू चिकाटीने मांडली आणि मूळ बेताला बरीच मुरड पडली. त्या नागरिकांचे ऋण मुंबईकरांनी विसरू नये. वाघ दुसरीकडे हलविता येतो, नवा पिंजरा वर्षभरात बांधता येतो; पण शतायुषी वृक्ष एकदा तोडला, की त्याच्या जागी तसाच वृक्ष पाहण्यासाठी आणखी चार पिढ्या खर्ची पडतील.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. बुधवारी बाग बंद असते. उर्वशी आणि अशोक यांच्यासाठी माघ-फाल्गुन उत्तम. कॉलव्हिलियाचे नारिंगी तुरे पाहावयाचे असतील, तर पावसाळा सरल्यावर आश्विनात जावे. कैलासपती उन्हाळ्यात भरास येतो. सकाळी लौकर गेल्यास फुले टवटवीत मिळतात आणि गर्दीही कमी असते. पुढील लेखांकात सिंहलद्वीपातील कँडीजवळच्या पेरादेनियाच्या उद्यानाची माहिती घेऊ.